तळटिपांतले गो. शा.

गोपिकाबाई बांते गच्चीवर मुगवड्या घालत बसल्या होत्या. जुन्या सुती लुगड्यावर ओळ धरून वड्या पडत होत्या आणि डावा हात मनगटापर्यंत पिठानं माखला होता. इतक्यात खालून एका मुलीचा आवाज आला.

"यमुताई हरकरेंकडे स्वयंपाकाला होत्या, त्या गोपिकाबाई इथंच राहतात का?"

यमुताईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत त्यांचं नाव घेणारं कुणी नव्हतं. गोपिकाबाईंचा हात थबकला. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं, तर खाली चष्मेवाली एक मुलगी पाठीला बॅग लावून वर बघत उभी होती.

"राह्यते नं," त्या म्हणाल्या. "वर ये. दार उघडंच हाय."

मुलीचं नाव अबोली. ती विद्यापीठात कलेच्या इतिहासात पीएचडी करत होती. यमुताईंचा पुतण्या सुमंत यानं धरमपेठेतलं त्यांचं घर आवरताना सगळे कागद विद्यापीठाला दिले होते आणि त्यांची यादी करायचं काम अबोलीकडे आलं होतं. टिपणांची नऊ हजार कार्डं आणि फोटोंचे साठ अल्बम. कोरडी पडलेली शाईची दौतसुद्धा त्या कागदांसोबत आली होती. या पावसाळ्याआधी यमुताईंच्या कामावर एक मोठं चर्चासत्र भरणार होतं, त्याचीही तयारी तिच्याच गळ्यात होती.

"मला तुम्हाला एकच विचारायचंय काकू," चहा घेता घेता अबोली म्हणाली. "ताईंच्या घरी गो. शा. नावाचे कुणी गृहस्थ यायचे का? बहुतेक गोविंदशास्त्री. रामटेककडचे असावेत. म्हातारे, संस्कृतचे मोठे जाणकार?"

गोपिकाबाईंनी डोळे मिटून धरमपेठेतल्या त्या घराचं फाटक आठवलं. तिथून आत आलेली सगळी माणसं एकेक करून डोळ्यांसमोर आणली. पोस्टमन आला, टाइपरायटरवाले काका आले, हिंदीत बोलणारे भोपाळचे साहेब आले. चहात मीठ टाकून पिणारी एक गोरी बाई आली. शास्त्री काही आले नाहीत.

"असा तं कोनी नाई आला बाप्पा. मी बत्तीस वर्षं होती तिथं. शास्त्री आले असते तं सोवळ्याचा स्वयंपाक मलेच करा लागला असता."

अबोलीचा चेहरा पडला. तिनं सगळं समजावून सांगितलं. यमुताईंचं 'हातवळण' हे पुस्तक कलेचा इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाला वाचावं लागतं. त्याआधी विद्वान म्हणत की जुन्या देवळांतल्या मूर्ती घडवणारे कारागीर सगळे एका साच्यातले. पोथीत लिहिलं तसं घडवायचे, त्यांना ना चेहरा ना ओळख. यमुताईंनी दाखवून दिलं की प्रत्येक हाताचं वळण वेगळं असतं. विदर्भातल्या सतरा पडक्या देवळांमधल्या मूर्ती एकाच डावखुऱ्या शिल्पकाराच्या आहेत, हे त्यांनी सिद्ध केलं. या पुस्तकाच्या एकेचाळीस तळटिपांमध्ये त्यांनी कुणा गो. शा. यांचं मत दिलं आहे. हे गो. शा. कोण, याचा शोध लोक तीस वर्षं घेत आहेत. बडोद्याचे डॉ. विक्रम नगरकर यांनी तर त्यावर एक लेखच लिहिला आहे.

"एक वाचून दाखव बरं," गोपिकाबाई सहज म्हणाल्या. पोरीला रिकाम्या हातानं पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

अबोलीनं झेरॉक्सचा कागद काढला. "'गो. शा. यांनी प्रथम लक्षात आणून दिल्याप्रमाणे, मूर्तीच्या पाठीवरील छिन्नीचे घाव उलट्या बाजूला कललेले आहेत. डाव्या हाताने विळा चालवणाऱ्याने कापलेल्या धानाचे खुंट जसे इतरांच्या खुंटांपेक्षा उलटे कलतात, तसाच हा प्रकार...'"

ती वाचत राहिली, पण गोपिकाबाईंनी कप खाली ठेवला होता.

"हे तं मी म्हटलं होतं."

"काय?"

"धानाच्या खुटाचं. मीच म्हटलं होतं ताईले. मी डेबरी हावो नं. मी कापलेली पात माया बापाले लांबून ओळखू ये. तो म्हने, हे गोपीची पात, उलटीच्या उलटी." त्यांनी पिठाचा डावा हात वर करून दाखवला, डेबरी म्हणजे काय ते त्या मुलीला कळावं म्हणून. "मले का माईत ताईनं पुस्तकात लिवलं म्हून."

अबोली त्या हाताकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "काकू, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

नवऱ्याचं नाव घ्यायला गोपिकाबाई आजही लाजत. त्यांनी खालच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथं सायकलच्या चाकाचे आरे कसत बसलेले गृहस्थ मान वर न करता ओरडले, "शालिकराम! काहून?"

गोपिका शालिकराम. गो. शा. अबोली आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ती पुन्हा हसायला लागली. गोपिकाबाईंना वाटलं, पोरीला ऊन लागलं. त्यांनी तिला माठातलं पाणी आणून दिलं.

खरं म्हणजे हे सगळं सुरू झालं ते एका आरशामुळे. गोपिकाबाई रामटेकच्या पलीकडच्या एका धानाच्या गावातल्या. चौथीपर्यंत शाळा झाली आणि लग्न होऊन त्या सक्करदऱ्याला आल्या. शालिकरामचं सायकलचं दुकान होतं. घरात सासू, दोन दीर आणि नणंद. तीस वर्षांच्या असताना त्यांना धरमपेठेत यमुताईंकडे स्वयंपाकाचं काम मिळालं. यमुताई एकट्या राहत. उंच, जाडजूड, ठसठशीत आवाजाची बाई. जेवताना एका हातात पुस्तक असायचं. भाजीत मीठ नसलं तर त्यांना कळायचं नाही, पण भाजी कशी चिरली आहे हे त्या बारकाईनं पाहायच्या.

यमुताई सुट्टी आली की पडकी देवळं पाहायला जात आणि स्वतःच फोटो काढत. गाभाऱ्यात अंधार असायचा. बाहेर कुणीतरी मोठा आरसा धरून ऊन आत टाकावं लागे. हे काम एक विद्यार्थी करायचा. त्याला नोकरी लागली आणि तो गेला. त्या रविवारी यमुताई आरसा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"गोपिका, येतेस का? आरसा धरायचा. अजून काही नाही."

गोपिकानं वरणावर झाकण ठेवलं, गॅस बंद केला आणि ती निघाली. आयुष्यात पहिल्यांदा ती एसटीत खिडकीजवळ बसली, कारण यमुताईंना खिडकीचा वारा सोसत नसे.

आरसा धरणं हे 'अजून काही नाही' म्हणून सोडून द्यावं असं काम नव्हतं. ऊन समोरून टाकलं तर मूर्ती सपाट दिसते. बाजूनं, तिरपं टाकलं तर दगडावरचा प्रत्येक घाव उठून दिसतो. हे गोपिकाला पहिल्याच दिवशी कळलं, सांगावं लागलं नाही. ताई कॅमेऱ्यातून पाहत, आणि गोपिका आरशातल्या उजेडाचा चौकोन हळूहळू सरकवत उघड्या डोळ्यांनी पाही. ताईंपेक्षा तिला जास्त वेळ पाहायला मिळे.

दुसऱ्या वर्षी एका देवळात चवरी ढाळणाऱ्या बाईच्या मूर्तीवर उजेड टाकता टाकता ती म्हणाली, "ताई, हे तं बोरटोल्याच्या बाईची बहीन हाय."

बोरटोला तिथून तीस मैल. यमुताईंनी कॅमेरा खाली घेतला. "कशावरून?"

"एकाच्याच हातची हाय. पाहा नं. पायाचं दुसरं बोट उचललं हाय, जसं काई खडा टोचला. तिकडच्या बाईचंबी तसंच होतं. अन् पैंजनाची गाठ उलटी. हा मानूस डेबरा होता ताई, मायासारका."

यमुताईंनी मूर्तीच्या मागे जाऊन पाठीवर बोटं फिरवली, जिथं कुणी पाहणार नाही म्हणून कारागिरानं घाव तसेच सोडले होते. मग बाहेर येऊन त्या देवळाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा सांग. सावकाश. मी लिहून घेते."

त्यानंतर पंचवीस वर्षं दोघी फिरल्या. ताई शिलालेख वाचत, पोथ्यांची साक्ष काढत, शंका घेत. गोपिका पाही. दोघी भांडतही. परतीच्या एसटीत ताई म्हणत, "तू म्हणतेस ते मला पटलेलं नाही," आणि गोपिका म्हणे, "नका पटू देऊ. दगड का खोटं बोलते?"

नावाची गोष्ट गोपिकाबाईंना अबोलीला सांगता सांगता आठवली. पुस्तक छापायला जाण्याआधी ताईंनी विचारलं होतं, "तुझं नाव घालते मी." गोपिका घाबरली होती. सासूबाई तेव्हा होत्या. सूनबाई स्वयंपाकाला जाते म्हणून सांगते आणि रानोमाळ देवळं हिंडते, हे छापून आलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. "माह्यं नाव नका टाकू ताई. तुमाले माया गळ्याची आन." यमुताई बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. पूर्ण नाही घालत." गोपिकाला वाटलं विषय मिटला.

"म्हणजे ताईंनी शब्दही पाळला आणि तुम्हाला वगळलंही नाही," अबोली म्हणाली.

"लय चतुर होत्या," गोपिकाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा वड्या घालायला बसल्या, कारण पीठ आंबत होतं.

अबोलीच्या मार्गदर्शकांना हे आधी पटलं नाही. स्वयंपाकीणबाईंच्या आठवणीवर एवढा मोठा दावा कसा करायचा? पण अबोलीनं कार्डं पुन्हा उघडली. पुस्तकात सगळीकडे 'गो. शा. यांच्या मते' असं होतं. त्यावरून बाई की पुरुष ते कळायला मार्ग नव्हता. कार्डावर मात्र यमुताईंनी स्वतःपुरतं लिहिलं होतं: 'गो. म्हणाली'. एकदा नाही, दोनशे सोळा वेळा. 'गो. म्हणाली, ही सून आहे, लेक नाही, पदर बघा.' 'गो. चिडली. तिचंच बरोबर होतं.' शास्त्रीबुवा काही 'म्हणाली' असणार नाहीत, एवढं मार्गदर्शकांनाही कबूल करावं लागलं.

आता प्रश्न होता डॉ. नगरकरांचा. सत्तरीतले गृहस्थ, चर्चासत्रातलं मुख्य भाषण त्यांचं, आणि विषय नेमका 'गोविंदशास्त्री: एका अज्ञात विद्वानाचा शोध'. अबोलीनं भीत भीत फोन केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "त्या जेवायला बोलावतील का मला?"

चर्चासत्राच्या आदल्या दिवशी दुपारी ते रिक्षातून सक्करदऱ्याला उतरले. गोपिकाबाईंनी पाटवड्यांचा रस्सा केला होता. डॉ. नगरकरांचं नाक आणि डोळे दोन्ही वाहू लागले, पण ते थांबले नाहीत. शालिकराम त्यांच्याकडे कौतुकानं बघत राहिले. "घ्या साहेब, अजून घ्या. पुन्यामुंबईचे लोक एकाच घासात पानी मांगतात."

"मी बडोद्याचा," डॉ. नगरकर नाक पुसत म्हणाले.

हात धुतल्यावर ते गोपिकाबाईंसमोर सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "तुम्ही गोविंदशास्त्री नाही, याचं मला फार बरं वाटतंय. पण मला एकेचाळिसाव्या टिपेनं बावीस वर्षं छळलंय. त्यात यमुताई म्हणतात, बोरटोल्याची द्वारपालाची मूर्तीही त्याच डावखुऱ्याची आहे. आणि पुढे एकच वाक्य लिहितात, 'गो. शा. सहमत नाहीत.' कारण दिलेलं नाही. का सहमत नव्हता तुम्ही?"

गोपिकाबाईंना ते भांडण लख्ख आठवत होतं. "ते मूर्ती भिंतीले टेकली हाय. मागं हातभर बी जागा नाई. ताईचं शरीर मोठं, त्यायले आत जाता येत नोतं. मी तेव्हा काडीसारकी होती. मी आरसा घेऊन घुसली. मागचे घाव सुलटे होते. म्हंजे उजव्या हाताचे. समोरून तं सारं तसंच, बोट उचललेलं, गाठ बी तशीच. मी म्हटलं, हे त्याचं नाई, त्याच्याजवळ शिकला त्याचं हाय. ताई म्हने, मी डोळ्यानं पायलं नाई ते मी लिवनार नाई. मी म्हटलं, मंग मी पायलं ते खोटं हाय का? तं त्या म्हने, खोटं नाई, म्हून तर लिवते की तुले पटलं नाई."

"किती प्रामाणिक बाई," डॉ. नगरकर म्हणाले. कुणाबद्दल म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात डॉ. नगरकरांनी भाषणाचे कागद टेबलावर पालथे ठेवले. "माझा लेख चुकीचा ठरलाय," ते म्हणाले, "आणि इतका आनंद मला आयुष्यात कुठल्याही लेखानं दिला नाही." मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली आणि गोपिकाबाईंना मंचावर बोलावलं. त्या नाही म्हणत होत्या, पण शालिकरामनं मागून हळूच ढकललं. "जा वं. इतके दिवस मीच म्हनत होतो, हे बाई घरात नसते तं कोठी असते. आता कळू दे साऱ्यायले."

माइकसमोर त्यांना काहीच सुचेना. मग मागच्या पडद्यावर एका मूर्तीचा फोटो आला आणि त्या सभागृह विसरून तिकडे वळल्या. "हा फोटो सकाळचा हाय," त्या म्हणाल्या. "नऊच्या आतला. ऊन डावीकडून येऊन राह्यलं. मीच आरसा धरला होता, अन् माया पायाखाली मुंग्या होत्या, म्हून कोपरा हालला हाय, तो पाहा." लोक हसले. पुढचा अर्धा तास त्या फोटोमागून फोटो वाचत गेल्या आणि एकाही माणसानं घड्याळ पाहिलं नाही. नावं त्यांना एकाही शैलीची येत नव्हती. पण कुठल्या कारागिराला घाई होती, कोण म्हातारा झाला होता, कुणाला कानातले दागिने कोरायचा कंटाळा यायचा, हे त्या शेजारपाजारच्या माणसांविषयी सांगावं तसं सांगत होत्या. पहिल्या रांगेतला सुमंत उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या लहानपणी याच बाईंनी त्याला गरम पोळ्या वाढल्या होत्या.

पण सगळ्यांना खरी उत्सुकता होती बोरटोल्याची. तिसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या मिनीबसमधून पंधरा-वीस जण निघाले. रामटेकचा गड डाव्या हाताला मागे पडला, कापसाची पऱ्हाटी संपून धानाची रिकामी शेतं, बांधाला लागून बांध, सुरू झाली, तशा गोपिकाबाई बसमध्ये मोठ्यानं बोलू लागल्या. त्यांचं माहेर जवळ आलं होतं.

देऊळ तसंच होतं, द्वारपालही तसाच भिंतीला पाठ लावून उभा. आता गोपिकाबाईही काडीसारख्या राहिल्या नव्हत्या. अबोली फटीत शिरली. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाइल. बाहेरून गोपिकाबाई सांगत होत्या, "समोरून नको धरू उजेड. खाली घे. बाजूनं. हां, आता वर. हळू." मोबाइलचा आवाज आला, एकदा, दोनदा, दहा वेळा. अबोली जाळ्या आणि धुळीनं माखून बाहेर आली आणि तिनं फोन डॉ. नगरकरांपुढे धरला.

पाठीवरचे घाव उजव्या हाताचे होते. ओळीनं, स्पष्ट, सगळे सुलटे.

डॉ. नगरकर तिथंच जमिनीवर बसले. विद्यार्थी एकमेकांच्या खांद्यांवरून फोन बघू लागले. आता एकाऐवजी दोन शिल्पकार होते: एक डावखुरा उस्ताद आणि त्याचं सगळं शिकून घेतलेला, पण हात मात्र उजवा असलेला एक शिष्य. गोपिकाबाई फोनकडे बघतच नव्हत्या. त्या द्वारपालाच्या पायावर हात ठेवून उभ्या होत्या. "ताई असत्या तं आता माफी मांगतली असती," त्या अबोलीला म्हणाल्या. "अन् मंग दुसरं काई काढून भांडल्या असत्या."

बाहेर कडुलिंबाच्या सावलीत डबे उघडले. डॉ. नगरकर म्हणाले, "अनामिक शिल्पकाराला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा असतो. या शिष्याला काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा."

गोपिकाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "शिष्य काहून? त्याची पोरगी असन."

"पोरगी?" डॉ. नगरकरांनी चष्मा सावरला. "त्याला पुरावा नाही, गोपिकाबाई."

"पोरगा होता म्हन्याले कोठी पुरावा हाय?"

अबोलीला ठसका लागला. डॉ. नगरकरांनी खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं.

बोरटोल्याच्या या शोधावरचा लेख पुढच्या दिवाळीत छापून आला. लेखिका म्हणून दोन नावं होती, गोपिका शालिकराम बांते आणि अबोली, आणि या वेळी गोपिकाबाईंचं नाव पूर्ण होतं. शालिकरामनं त्याची फ्रेम करून दुकानात लावली आहे. आता दर बुधवारी गोपिकाबाई विद्यापीठात तासभर जातात. मुलांना त्या काही शिकवत नाहीत, फोटो लावतात आणि म्हणतात, "बोलू नका, पाहा." पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही की त्यांना बरं वाटतं. लेखात त्या शिल्पकाराविषयी सगळीकडे 'शिष्य अथवा शिष्या' असं छापलं आहे. संपादकांनी त्यातला एक शब्द गाळायला सांगितला होता. डॉ. नगरकरांनी त्यांना उलट पत्र पाठवलं की गाळायचाच असेल तर पहिला गाळा.